कासवाच्या पोटातील काचनळी

१७७६ सालच्या सप्टेंबरातील एक रात्र. न्यूयॉर्कच्या बंदरात ब्रिटिश आरमाराची जहाजे नांगर टाकून उभी होती. त्यांतील ‘ईगल’ या जहाजावर अॅडमिरल रिचर्ड हाऊचे निशाण होते. त्या जहाजाच्या रोखाने एझ्रा ली नावाचा एक अमेरिकन सार्जंट ओकच्या लाकडाच्या अंडाकृती पिंपात एकटाच बसून, हातांनी मळसूत्री वल्हे फिरवत निघाला होता. पिंपाचे नाव ‘टर्टल’, म्हणजे कासव. युद्धात वापरल्या गेलेल्या या पहिल्या पाणबुडीची गोष्ट बहुतेकांनी एवढीच ऐकलेली असते: ली जहाजाखाली पोहोचला, स्फोटक अडकवण्याचा स्क्रू तळात शिरेना, आणि उजाडू लागल्यावर तो परतला.

स्फोटकाचा भाग प्रसिद्ध झाला, ते स्वाभाविकच आहे. पण त्या पिंपात लीच्या डोळ्यांसमोर एक काचेची नळी उभी होती. नळीत बुचाचा एक तुकडा तरंगत होता, आणि त्या बुचावर कुजक्या लाकडाचा मंद, हिरवट उजेड होता. तो ठिपका वर सरकला की ली खाली चालला, आणि ठिपका खाली आला की ली वर चालला, असा त्याचा अर्थ. काळ्याकुट्ट पाण्यात, बंद पिंपात, आपण बुडतो आहोत की तरंगतो आहोत हे सांगणारी तेवढी एकच खूण त्याच्याजवळ होती. हा धागा त्या नळीचा आहे.

आधी दोन वर्षे मागे जायला हवे, आणि अटलांटिक ओलांडून इंग्लंडात.

तेथे जॉन डे नावाचा एक सुतारकाम जाणणारा माणूस होता. त्याने एक होडी स्वतःच्या हाताने बंद करून घेतली आणि सुमारे तीस फूट पाण्याखाली बसून तो सुखरूप वर आला. एवढ्या यशावर त्याने एका धनिकाशी पैजेचा व्यवहार ठरवला: शंभर फुटांहून अधिक खोलीत बारा तास राहायचे. ‘मारिया’ नावाचे एक लहान जहाज विकत घेऊन त्यात डेसाठी एक बंद खोली बांधण्यात आली. जहाजाच्या बाहेर दगड टांगले होते. आतून कळ फिरवली की दगड सुटावेत आणि हलके झालेले जहाज वर यावे, अशी योजना होती. २० जून १७७४ रोजी प्लिमथच्या खाडीत डे आत शिरला. जहाज आधी बुडेचना, म्हणून आणखी वजन घालण्यात आले. मग ते बुडाले. डे वर आला नाही.

या माणसाला वेडा म्हणणे सोपे आहे, पण तो वेडा नव्हता. त्याने प्रयोग केला होता आणि प्रयोग साधलाही होता. त्याची चूक एवढीच, की ‘बुडणे’ आणि ‘न बुडणे’ या दोनच अवस्था त्याला ठाऊक होत्या. मधल्या साऱ्या पायऱ्या त्याच्या हिशेबाबाहेर राहिल्या. जहाज बुडेना तेव्हा नेमके किती वजन कमी पडते आहे, बुडाले तेव्हा किती जास्त झाले आहे, आणि खाली जाताना आता किती फूट पाणी डोक्यावर आहे, हे आत बसलेल्या माणसाला कळण्याची सोय त्या जहाजाच्या वर्णनात कुठेही आढळत नाही.

पुढच्याच वर्षी, १७७५ मध्ये, अमेरिकेतील कनेटिकट वसाहतीत सेब्रुक येथे डेव्हिड बुशनेल आपल्या भावाच्या साह्याने एक यंत्र बांधत होता. तो शेतकऱ्याचा मुलगा. तिशी ओलांडल्यावर, १७७१ मध्ये तो येल कॉलेजात दाखल झाला, आणि तेथेच पाण्याखाली दारू उडवण्याचे प्रयोग त्याने सुरू केले. त्याची पाणबुडी कोणत्याही सरकारी गोदीत बनली नाही. नदीकाठी, घरच्या माणसांच्या मदतीने, आणि पितळी भागांसाठी न्यू हेवनचा घड्याळजी आयझॅक डूलिटल याच्यासारख्या कारागिरांना गाठून ती घडली. आज हौसेने घरच्या आवारात लहान पाणबुड्या बांधणारी मंडळी जगभर आहेत. त्यांचा आद्यपुरुष शोधायचा तर बुशनेलपाशीच थांबावे लागते.

कासवाच्या दोन पाठी एकमेकींना जोडाव्यात तसा त्या यंत्राचा आकार होता, असे बुशनेलनेच लिहून ठेवले आहे. आत एक माणूस बसू शके. हवा सुमारे अर्धा तास पुरे. माथ्यावर पितळेचे झाकण आणि लहान काचा. तळाला शिशाचे नीरम, म्हणजे जहाज सरळ उभे राहावे म्हणून घालतात ते वजन. त्यांपैकी सुमारे दोनशे पौंड शिसे चाळीस-पन्नास फूट दोराने खाली सोडता येत असे. अपघात झाला तर ते वजन सोडून द्यायचे आणि क्षणात वर यायचे. बुडी मारायची तर पायाने एक पितळी झडप दाबायची, की तळातून पाणी आत येई. जास्त आले तर दोन्ही हातांशी असलेल्या दोन पितळी पंपांनी ते बाहेर ढकलायचे. पाणी बेताचे झाले की माथ्याजवळचे उभे मळसूत्री वल्हे फिरवून वर किंवा खाली जायचे.

ऐकायला हे सरळ वाटते. सगळी अडचण ‘बेताचे’ या एका शब्दात आहे.

दूधवाल्याच्या दुधात पाणी किती, हे पाहण्यासाठी लॅक्टोमीटर वापरतात. खाली जड फुगा, वर काचेची बारीक मान. दुधाच्या घनतेत किंचितही फरक पडला की ती मान ठळकपणे वर-खाली होते, कारण बारीक मानेचा एक सेंटिमीटर भाग फार थोडे द्रव बाजूला सारतो. लहान पाणबुडी पृष्ठभागावर असते तेव्हा ती एक मोठा लॅक्टोमीटरच असते. तिचे धड पाण्याखाली बुडालेले आणि केवळ माथ्याचा मनोरा वर. समजा मनोऱ्याचा व्यास साठ सेंटिमीटर आहे. मग तो एक सेंटिमीटर अधिक बुडाला याचा अर्थ पाणबुडी सुमारे २.८ किलोने जड झाली. मनोऱ्यावर रेषा आखून ठेवल्या की तरंगण्याची शिल्लक ओढ, म्हणजेच प्लावक बल आणि वजन यांतला फरक, किलोकिलोने वाचता येतो. काठावर उभ्या माणसालाही तो वाचता येतो.

पण मनोऱ्याचा माथा पाण्याखाली गेला, की ही मोजपट्टी संपली. आता पाणबुडीने बाजूला सारलेले पाणी वाढणार नाही. ती जेवढी आहे तेवढीच आहे. वजन त्या पाण्याहून अर्धा किलो जास्त असेल तर ती खाली जाईल, आणि थांबण्याचे काहीच कारण नसल्यामुळे तळ लागेपर्यंत जात राहील. पाण्याची घनता दहा-वीस फुटांत बदलत नाही, त्यामुळे ‘अमुक खोलीवर आपोआप थांबेल’ अशी जागा पाण्यात नसते. उलट खोल जाताना कवच किंचित दाबले जाते आणि फटींत अडकलेली हवा आक्रसते. म्हणजे खाली गेलेली वस्तू आणखी जड होते. वर निघालेली आणखी हलकी होते. पाण्याखालचा समतोल हा सुईच्या टोकावरचा समतोल आहे.

आणखी एक गोष्ट. माणसाला आपण संथ गतीने वर चाललो की खाली, हे शरीराने कळत नाही. लिफ्ट सुरू होताना आणि थांबताना पोटात जाणवते, मधल्या एकसारख्या प्रवासात काहीच जाणवत नाही. बंद पिंपात, अंधारात, अर्धा किलो जड होऊन बुडणाऱ्या माणसाला आपण स्थिर आहोत असेच वाटत राहील. म्हणजे पाण्याखाली तरंगण्याची ओढ थेट मोजताच येत नाही. ती खोलीच्या बदलावरून ओळखावी लागते. खोली वाढते आहे? मग आपण जड आहोत. कमी होते आहे? मग हलके. आणि हे पहिल्या एक-दोन फुटांतच कळायला हवे, तळाशी पोहोचल्यावर नव्हे. लहान पाणबुडीत खोलीमापक हेच प्लावक बलाचे मापक असते, आणि ते उथळ पाण्यात बारीक वाचणारे असावे लागते.

बुशनेलची नळी हे काम करत होती. तिचे तपशीलवार वर्णन १८२० साली छापून आले, तेही वृद्ध झालेल्या लीच्या सांगण्यावरून: अठरा इंच लांब, इंचभर व्यासाची काचनळी, वरचे तोंड बंद, खालचे तोंड पिंपाच्या भिंतीतील पितळी नळीवाटे बाहेरच्या पाण्याला उघडे. खाली जाताना बाहेरचा दाब वाढे, पाणी नळीत चढे, नळीतली कोंडलेली हवा दाबली जाई आणि पाण्यावरचे बूच वर सरके.

हा बॉइलचा नियम आहे, दाब वाढेल त्या प्रमाणात हवेचे आकारमान घटते. समुद्राचे सुमारे तेहतीस फूट पाणी म्हणजे हवेच्या एका वातावरणाएवढा दाब. यावरून अठरा इंची नळीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कोकणातला नाखवा ज्याला वाव म्हणतो आणि इंग्रज ज्याला फॅदम म्हणतात, ते माप सहा फुटांचे. पहिल्या वावेला बूच जवळजवळ पावणेतीन इंच चढेल. दुसऱ्या वावेला आणखी दोन इंच. तिसऱ्या वावेला दीड इंच, चौथ्या वावेला सव्वा. पुढे पुढे रेषा दाटत जातात. १८२० च्या वर्णनात ‘एका वावेला एक इंच’ असा सरसकट हिशेब दिला आहे. तो अचूक नियम नसून म्हाताऱ्या सैनिकाच्या आठवणीतली गोळाबेरीज दिसते. खरी खुबी त्या हिशेबात हरवते. ही नळी खोल पाण्यात आळशी आणि उथळ पाण्यात तल्लख होती. पृष्ठभागाजवळ एक फूट खाली गेले की बूच अर्धा इंच हले. काळोखात उजळणारा ठिपका अर्धा इंच हलला तर तो डोळ्याला दिसतोच.

बुशनेलला हे गुणधर्म गणिताने ठाऊक होते की प्रयोगाने, या वादात शिरण्याचे कारण नाही. येलमध्ये शिकलेल्या माणसाला बॉइल अनोळखी नसणार. महत्त्वाचे हे, की त्याच्या कामाला जी खोली लागत होती, जहाजाच्या तळाएवढी, दोन-तीन वावांची, नेमक्या त्याच खोलीत हे साधे उपकरण सर्वांत बारीक बोलत होते. पंप नको, चाके नकोत, घड्याळजीची करामतही नको.

उजेड मात्र हवा होता, आणि येथे गोष्ट अडली.

मेणबत्ती लावली तर अर्ध्या तासाची हवा तीच खाऊन टाकणार. म्हणून बुचावर आणि होकायंत्राच्या सुईवर ‘फॉक्सफायर’ लावले होते, म्हणजे बुरशी लागलेले, अंधारात आपोआप उजळणारे लाकूड. (पावसाळ्यात भीमाशंकरच्या अरण्यात कुजक्या फांद्यांवर रात्री असाच उजेड दिसतो. तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना बुशनेलच्या नळीची कल्पना चटकन येईल.) यंत्र १७७५ च्या शरद ऋतूत तयार होत आले होते. पण थंडी पडली आणि लाकडाचा उजेड मावळला. बुशनेलचा हितचिंतक डॉ. बेंजामिन गेल याने त्या डिसेंबरात सायलस डीन या लोकप्रतिनिधीला पत्र लिहून कळवले की गोठवणाऱ्या थंडीने लाकडाचा हा गुण पार नाहीसा होतो. डॉ. फ्रँकलिन यांना विचारून हवा न खाणारा दुसरा एखादा प्रकाश मिळेल का, ते पाहावे. एका साम्राज्याच्या आरमाराला हादरवू पाहणारे शस्त्र कुजक्या लाकडाच्या तुकड्यासाठी हिवाळाभर अडून राहिले. आज हसू येईल, पण बुशनेलचे चुकले नव्हते. नळी दिसत नसताना माणसाला खाली पाठवणे म्हणजे जॉन डे याचाच प्रयोग पुन्हा करणे होते.

माणसाला खाली पाठवण्याच्या बाबतीत बुशनेल किती सावध होता, हे त्याने १७८७ साली थॉमस जेफरसनला लिहिलेल्या पत्रात आले आहे. ते पत्र पुढे १७९९ मध्ये अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीच्या वृत्तात छापले गेले. त्यात तो सांगतो की पिंप खोल पाण्याचा दाब सोसते की नाही, हे त्याने कोणालाही पृष्ठभागाखाली फार जाऊ देण्याआधी तपासले. आणि आत बसणारा माणूस सगळ्या क्रियांत मुरेपर्यंत पिंपाला भक्कम दोर बांधल्याशिवाय त्याने एकदाही कोणाला पाण्याखाली जाऊ दिले नाही. दोर सुटल्यानंतरच्या शिक्षणाचा क्रमही त्याने दिला आहे. ठरवलेल्या खोलीवर जायचे आणि वर-खाली न होता तेथेच राहायचे, हा त्यातला पहिला धडा. होकायंत्रावर वल्हवणे, जहाजाखाली शिरणे, तळात स्क्रू बसवणे, हे सगळे त्यानंतर.

हा क्रम सहज नजरेआड होतो. शिकवणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड आणि म्हणूनच पहिली गोष्ट ‘काहीही न होऊ देणे’ ही होती. बुचावर नजर ठेवायची. ते चढू लागले तर पंपाचे दोन-चार हात मारायचे, उतरू लागले तर झडप जरा दाबायची. पंप आणि झडप दोन्ही थांबवूनही बूच जागचे हलले नाही, की समतोल साधला. अर्ध्या तासाच्या हवेतली कितीतरी मिनिटे यातच जात असणार.

बुशनेलची स्वतःची प्रकृती या कामाला पुरेशी नव्हती. हे शिक्षण त्याने दिले ते धाकट्या भावाला, एझ्रा बुशनेलला. पिंपाच्या आत ठेवायचे जास्तीचे शिसे बसणाऱ्या माणसाच्या वजनाप्रमाणे कमी-अधिक करावे लागे, असेही बुशनेलने नोंदवले आहे. म्हणजे कासव बाजारातल्या होडीसारखे कोणीही चढून वल्हवावे असे नव्हते. माणूस हा त्याच्या नीरमाचाच एक भाग होता. त्याचे हात, त्याचा अंदाज आणि त्याचे पौंड हे सारे त्या यंत्रात मोजून बसवलेले होते.

आणि १७७६ च्या उन्हाळ्याअखेर, ब्रिटिश आरमार न्यूयॉर्कपुढे उभे असताना, एझ्रा बुशनेल तापाने आजारी पडला.

बदली माणसे शोधली गेली. त्यांतून एझ्रा ली निवडला गेला. त्याला शिकायला मिळाले ते थोडेच दिवस. तो धीट होता, आणि ज्या पिंपात आपण बसतो आहोत त्यातून परत येणे नशिबाचे आहे हे कळण्याइतका समंजसही होता. तरीही तो बसला.

त्या रात्री होड्यांनी कासवाला ओढत नेऊन सोडले. ओहोटीने ते जहाजांच्या पलीकडे वाहून नेले आणि लीला बराच वेळ प्रवाहाशी झगडत मागे यावे लागले. मग पाणी स्थिरावल्यावर तो ‘ईगल’च्या तळाखाली गेला. त्याने स्क्रू फिरवायला घेतला. तो शिरेना. बुशनेलचे मत असे, की स्क्रू सुकाणूजवळच्या लोखंडावर आपटला असावा. काही इंच सरकले असते तर लाकूड सापडले असते. पण जागा बदलण्याच्या प्रयत्नात लीच्या हातून जहाजच निसटले. पुष्कळ शोधूनही सापडले नाही, आणि वर आला तो उजाडले होते.

काही इंच! या शब्दांपाशी थांबायला हवे. भिंतीत स्क्रू पिळायचा तर आपण जमिनीवर पाय रोवतो. पाण्याखाली समतोल साधलेल्या पिंपाला पाय रोवायला जागाच नाही. स्क्रू वर दाबला की पिंप तेवढेच खाली ढकलले जाते. ते टाळायचे तर पिंप थोडे हलके ठेवून जहाजाच्या तळाला खालून चिकटवून ठेवावे लागेल, किंवा एका हाताने उभे वल्हे सतत फिरवत राहावे लागेल. फार हलके ठेवले तर तळाच्या उतारावरून घसरून ते बाजूला, पृष्ठभागावर उसळेल. कमी हलके ठेवले तर स्क्रूला रेटा मिळणार नाही. किती हलके, हा हिशेब पौंडांचा होता, आणि तो हाताच्या सवयीने यायचा होता. ती सवय ज्या हातांना होती, ते हात तापाने फणफणलेल्या भावाचे होते. स्क्रूच्या टोकाला लोखंड लागले असेलही. पण न लागते तरी त्या रात्री तो तळात शिरला असता, याची खात्री वाटत नाही.

परतताना गव्हर्नर्स बेटाजवळ ब्रिटिश सैनिकांनी कासव पाहिले आणि होडी घेऊन ते निघाले. लीने पाठीवरचे दीडशे पौंड दारूचे पिंप सोडून दिले. ते वाहत गेले आणि नदीत मोठा स्फोट झाला, कोणाचेही नुकसान न होता. पुढचे प्रयत्नही फसले. वॉशिंग्टनने नऊ वर्षांनी जेफरसनला लिहिताना या यंत्राला प्रतिभेचे काम म्हटले, पण ते यशस्वी व्हायला फार गोष्टी एकत्र जुळून याव्या लागत होत्या, असेही त्याने जोडले. हे मूल्यमापन न्याय्यच आहे.

बुशनेलने जे पहिल्या धड्यात शिकवले, ते पुढच्या कित्येकांना पुन्हा जीव धोक्यात घालून शिकावे लागले.

१८५१ साली जर्मनीत कील बंदरात विल्हेल्म बावर याने ‘ब्रांडटाउखर’ ही लोखंडी पाणबुडी पाण्याखाली नेली. पैसे कमी पडले म्हणून नीरमाच्या पाण्यासाठी वेगळ्या टाक्या न करता ते पाणी थेट बोटीच्या तळात घेण्याची सोय ठेवली होती. असे मोकळे पाणी फार दगाबाज असते. बोट जराशी कलली की सगळे पाणी कललेल्या बाजूला धावते आणि कल वाढवते. १ फेब्रुवारीला तसेच झाले. मागची बाजू खाली गेली, पाणी मागे धावले, पत्रे वाकले, आणि बोट जवळजवळ साठ फुटांखाली तळाला टेकली. आत तिघे होते. बाहेरच्या दाबामुळे दार उघडणे शक्य नव्हते. बावरने सांगितले की आता पाणी आणखी आत घ्या. आतली हवा बाहेरच्या पाण्याइतकी दाबली गेली की दार आपोआप सैल होईल. सोबत्यांना हा मरणाचा सल्ला वाटला आणि आत बाचाबाची झाली. काही तासांनी, थंडगार पाणी वर चढल्यावर, दार उघडले आणि तिघेही जिवंत वर आले. बुशनेलच्या काचनळीत जे हवेचे होत होते, तेच येथे संपूर्ण बोटीत घडवून आणले गेले. फरक इतकाच, की बुचाच्या जागी माणसे होती.

अमेरिकन यादवीतली ‘हन्ली’ खासगी पैशातून, हातांनी फिरवायच्या दांड्यावर चालणारी बनली होती. तिच्यात खोली मोजायला पाऱ्याची नळी होती, बाहेरच्या पाण्याला जोडलेली, आणि शेजारी मेणबत्ती. पाऱ्याच्या नळीचे माप सर्वत्र सारखे असते. फूटभर खोलीला पारा सुमारे तेवीस मिलिमीटर हलतो, मग खोली एक वाव असो की पाच. मापक वाईट नव्हते. पण १५ ऑक्टोबर १८६३ रोजी चार्ल्सटन येथे सरावाच्या बुडीत पुढच्या टाकीची झडप उघडी राहिली. टाक्या वरून उघड्या होत्या, त्यामुळे भरून वाहणारे पाणी आतच पसरले. होरेस हन्लीसह आठही जण गेले. नळी खोली दाखवत राहिली असेल, पण ती वाचून झडप बंद करायला लागणारा वेळ उरला नव्हता.

आजच्या हौशी पाणबुडीकाराकडे घड्याळासारखा दाबमापी असतो. शंभर मीटरपर्यंत वाचणारी तबकडी घेतली, तर तिच्यावर फूटभर खोली म्हणजे काट्याची जेमतेम एका अंशाची हालचाल. डोळ्याला ती दिसणार नाही. म्हणून जाणती माणसे खोल पाण्यासाठी एक आणि पहिल्या काही मीटरांसाठी बारीक रेषांचा दुसरा मापक बसवतात. बोट धक्क्याशी, उथळ पाण्यात, दोर बांधून बुडवून पाहतात. मनोऱ्यावरच्या रेषा पाहत शिसे किलोकिलोने कमी-जास्त करतात. चालक बदलला की पुन्हा तेच. गोड्या तळ्यात तोललेली बोट समुद्रात नेली तर हिशेब वेगळा होतो, कारण समुद्राचे पाणी सुमारे अडीच टक्के जड. दीड हजार लिटर आकारमानाच्या बोटीला तो फरक सदतीस-अडतीस किलोंचा पडतो, म्हणजे एखाद्या शाळकरी मुलाच्या वजनाइतका. बुशनेलची सारी मशागत कनेटिकट नदीच्या मुखाशी झाली, जेथे नदी आणि समुद्र मिसळतात. तेथे भरती-ओहोटीबरोबर हाच फरक दिवसातून दोनदा त्याच्या पिंपाखालून ये-जा करत असणार.

कासवाच्या प्रतिकृती त्याच नदीकाठी पुढे बनल्या. एक १९७६ च्या सुमारास, अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त. दुसरी ओल्ड सेब्रुकच्या हायस्कुलातील विद्यार्थ्यांच्या सहभागाने. दोन्ही पाण्यात उतरल्या आणि माणूस आत बसवून त्यांच्या चाचण्याही झाल्या.

आणि ती नळी? तीही टिकली, फक्त लहान झाली. पाणबुड्यांच्या मनगटावर बांधायचा एक स्वस्त खोलीमापक मिळतो. गोल तबकडीच्या कडेने एक पारदर्शक नळी फिरवलेली, एक तोंड बंद, दुसरे उघडे. पाण्यात शिरले की पाणी नळीत चढते, आणि पाणी व हवा जेथे भेटतात तेथल्या आकड्यावरून खोली वाचायची. त्यावरच्या पहिल्या मीटरांच्या रेषा ऐसपैस अंतरावर असतात. दहाव्या मीटरपाशी अर्धी नळी संपलेली असते. त्यापुढचे आकडे एकमेकांना खेटून बसलेले.